बुरडाच्या घरचा पाहुणा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक बुरूड आणि त्याची बायको राहत. दोघं मिळून बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या विणत.

एकदा आठवडी बाजारात एक हलवाई एका मरतुकड्या कुत्र्याला काठीनं बडवत होता. बुरूड मध्ये पडला. कुत्र्याला त्यानं रिकाम्या टोपल्यात बसवलं आणि टोपलं डोक्यावर घेऊन घर गाठलं.

बायको म्हणाली, "मीठ आणायला सांगितलं होतं."

"मीठ राहिलं. पाहुणा आणलाय."

मग कुत्र्याचं नाव पाहुणाच पडलं. पण पाहुणा काही घरात येईना. येणार कसा? दारात बांबू, ओसरीवर बांबू, घरधन्याच्या हातातही बांबूच! बुरडानं बांबूची कांब उचलली, की तो अंगणातल्या बोरीखाली जाऊन थरथरायचा. भाकरीसुद्धा दोघं आत गेल्यावरच खायचा.

"हा एक दिवस रानात पळेल," बायको म्हणाली. "आणि रानात बिबट्या आहे."

"मग बांधून घाल!" शेजारी कुंपणावरून ओरडला.

बुरडानं बांधलं नाही. त्यानं आपली कामाची रीतच बदलली. बांबू उचलायचा नाही, जमिनीवरून सरकवायचा. उभं राहायचं नाही, बसूनच काम करायचं. काम दुपटीनं रेंगाळलं.

शेजारी हसला, "काय रे, या वयात रांगायला लागलास?"

"चालायला घाई झाली होती, म्हणून परत शिकतोय," बुरूड म्हणाला.

पाहुणा रोज वीतभर पुढं सरकू लागला. महिन्याभरात ओसरीच्या पायरीपर्यंत आला.

आणि एका सकाळी घोटाळा झाला. लग्नघरी द्यायच्या परड्यांपैकी सगळ्यात देखणी परडी पाहुण्यानं चावून चावून तिचा चोथा केला. बुरडाचं डोकं फिरलं. हातात कांब होतीच. हात वर गेला.

पाहुणा पळाला नाही. भिंतीला चिकटला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

बुरडाचा हात तिथंच थांबला. त्यानं कांब हळूच खाली ठेवली आणि रिकामे हात मांडीवर घेऊन बसून राहिला.

"त्याला माणसाळवायला निघालो होतो," तो बायकोला म्हणाला, "आणि माझाच हात अजून माणसाळला नाही."

पाहुणा पुन्हा बोरीखाली गेला. बुरडानं नवी परडी विणायला घेतली आणि बसून जमिनीवरून बांबू सरकवणं पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा वीत वीत. पाहुण्याला पायरी गाठायला या वेळी दोन महिने लागले.

एके दिवशी घरात दाराशी बसून टोपली विणता विणता बुरडाची कांब घरंगळत अंगणात गेली. तो उठणार, तोच पायरीवरचा पाहुणा उठला. कांबेजवळ गेला. हुंगली. मग ती तोंडात आडवी धरून, दाराच्या चौकटीला दोनदा अडकत, तो थेट घरात आला आणि कांब बुरडाच्या मांडीवर टाकून शेपूट हलवू लागला.

बुरडाला हसावं की रडावं कळेना. आतून बायको म्हणाली, "कामाला लागला की! आता पाहुणा कसला?"

"मग काय म्हणायचं?"

"नाव सावकाश ठरवू. आधी मीठ घेऊन या. दोघंही जा!"

तात्पर्य: भ्यालेल्याला नुसतं 'भिऊ नकोस' म्हणून भागत नाही, आधी आपल्या हाताला वळण लावावं लागतं.