लाजाळू सेनापती

एक होती तेलीण. एक राजाही होता, पण तो येईल मागून, त्याला कसली घाई! तेलिणीचं नाव भिवराबाई. आणि ठके, रघ्या, ती पांघरुणाची ओढाओढी बंद करा आधी. नाहीतर गोष्ट इथंच संपली म्हणून समजा.

हं. तर भिवराबाईचं गाव होतं दोन डोंगरांच्या पायथ्याशी. डोंगरांच्या मधे खिंड, आणि खिंडीच्या तोंडाशी तीन वीरगळ. वीरगळ म्हणजे शूर माणसाची आठवण म्हणून उभा केलेला कोरीव दगड, बरं का. हे तिघे होते तीन देशांचे सेनापती. एक वाळूच्या देशाचा, एक बर्फाच्या देशाचा आणि तिसरी बेटांच्या देशाची. हो, तिसरी! बाई होती ती. तोंड वासून काय बघता?

दर दसऱ्याला सगळं गाव सीमोल्लंघनाला खिंडीशी जायचं. भिवराबाई दगडांना तेल चोळायची. राजाचा भाट सेनापतींच्या आठवणी सांगायचा. मग पलीकडच्या तिन्ही देशांची माणसं खिंडीतून यायची आणि सगळे एकमेकांना आपट्याचं सोनं द्यायचे. दगड उभे तोवर खिंड उघडी, असं जुनी माणसं म्हणायची.

जुना भाट होता फार म्हातारा. सांगायचा खरं, पण तोंडातल्या तोंडात. कुणालाच काही ऐकू जायचं नाही. तो वारला आणि राजानं नवा भाट आणला, चांगला खणखणीत गळ्याचा. आणि मग काय झालं? दगड खचायला लागले! दर दसऱ्याला वीतभर खाली. दगड जेवढे खाली, तेवढे डोंगर जवळ. आधी खिंडीतून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जायच्या. मग एकच जाऊ लागली. मग नुसता बैल. आणि सहाव्या वर्षी तर माणसालासुद्धा पोट आत घेऊन तिरकं तिरकं चालावं लागे.

भिवराबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. कारण तिची एकुलती एक लेक, साळू, पलीकडे बेटांच्या देशात दिलेली. साळूला सातवा महिना. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला हवं. दसऱ्याला येते, असा तिचा निरोपही आला होता. पण एवढं पोट घेऊन ती त्या फटीतून येणार कशी? आणि दगड आणखी वीतभर खचले की खिंड मिटलीच. मग लेकही तिकडे आणि नातवंडही तिकडे, जन्मभर. भिवराबाईनं डिंकाच्या लाडवांचा डबा भरून ठेवला होता. डबा दिसला की तिला रडू यायचं.

राजा तसा भला होता. पण त्याला वाटायचं, जितकं मोठ्यानं सांगावं तितकी गोष्ट मोठी. दगड खचतात म्हणजे स्तुती कमी पडते! म्हणून त्यानं त्या वर्षी एक नाही, तीन भाट आणले. आणि सोबत सहा ढोल.

दसरा उजाडला. भिवराबाई तेलाची वाटी घेऊन बसली. तिन्ही दगड एकमेकांना खेटून होते आणि आता गुडघाभरच उरले होते.

पहिला भाट गरजला, "वाळूदेशीच्या वीरानं एका घावात हजार मुंडकी उडवली हो!" ढोल वाजले. पहिला दगड चार बोटं खाली गेला.

मग दुसरा भाट गरजला, "बर्फदेशीच्या वीरानं नुसत्या फुंकरीनं किल्ला पाडला हो!" दुसरा दगड चार बोटं खाली.

मग तिसरा गरजला, "बेटांच्या रणरागिणीनं अख्खा समुद्र एका घोटात प्यायला हो!" तिसराही खाली गेला. डोंगर करकरले आणि फट आणखी चिंचोळी झाली.

पण भिवराबाईचा हात तेल चोळता चोळता दगडांवरच होता ना! हाताला बरोबर कळलं. भाटानं थाप मारली रे मारली की दगड मान खाली घालतो. "अगबाई," ती म्हणाली, "हे तर लाजतायत!" तुमच्या आजोबांचं तसंच होतं. कुणी भलतीच तारीफ केली की ते आपले चपला शोधायला लागायचे.

तेवढ्यात फटीतून हाक आली. "आई गं! मी आलेय! पण मावत नाही गं!"

झालं! भिवराबाई ताडकन उठली. "बंद करा ते ढोल!" ढोल थांबले. राजानं विचारलं, "काय झालं, भिवराबाई?"

"महाराज, हे असे नव्हते. चाळीस वर्षं तेल लावतेय मी यांना. मातीत गेलेलं कोरीव काम माझ्या बोटांना पाठ आहे. पहिल्या दगडाच्या तळाशी तलवार नाही, पाण्याची पखाल आहे."

"सेनापती आणि पखाल?" पहिला भाट म्हणाला. "शोभतं का हे?"

"न शोभायला काय झालं? माझ्या आजेसासूबाईंनी सांगितलंय. हा वाळूचा सेनापती सगळ्यांच्या शेवटी पाणी प्यायचा. आधी शिपाई, मग उंट, मग पकडून आणलेले शत्रूसुद्धा. एकदा त्याच्या वाट्याला थेंबही उरला नाही. तर रिकामी पखाल गालाला लावून म्हणाला, गार आहे, पुरे."

आणि काय सांगू! पहिला दगड सरसर वर आला.

मग भिवराबाईनं दुसऱ्यावर हात ठेवला. "याच्या तळाशी विणायच्या सुया आहेत. हा बर्फाचा सेनापती शिपायांसाठी मोजे विणायचा. एक मोजा मोठा, एक छोटा, कधी जोडी म्हणून जमली नाही. पण त्याच्या एकाही शिपायाच्या पायाचं बोट थंडीनं गेलं नाही." लोक हसले, आणि दुसरा दगडही वर आला.

मग तिसरा दगड. भिवराबाईनं हात ठेवला, पण बोटांना काहीच आठवेना. त्या दगडाचा तळ ऊनपावसानं केव्हाच गुळगुळीत झाला होता. त्या सेनापतीबाईची गोष्ट आजेसासूबाईंनाही ठाऊक नव्हती. तिसरा भाट कानाशी कुजबुजला, "वाघ मारला म्हण. कोण विचारतंय?" पलीकडे लेक उभी. भिवराबाईनं तोंड उघडलंसुद्धा. पण हाताखालचा दगड थरथरला, आणि तिला त्याची दया आली.

"हिचं मला काही ठाऊक नाही," ती म्हणाली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "माझंच चुकलं. चाळीस वर्षं तेल चोळलं, पण बाई, तू होतीस कोण, हे मी कुणाला विचारलं नाही."

दगड खचायचा थांबला. पण वर काही येईना. मग भिवराबाई फटीशी धावली आणि ओरडली, "साळू! तुझ्या सासरी कुणाला ठाऊक आहे का बघ गं!"

"मलाच ठाऊक आहे की!" पलीकडून साळू ओरडली. "सासूबाई रोज सांगतात! तिला बोट लागायची, आई!"

"काय?"

"बोट लागायची! सगळ्यांच्या आधी जहाजावर चढायची ती, आणि सगळ्यांच्या आधी ओकायचीही तीच. पण मी नाही येत, असं एकदाही म्हणाली नाही. तिघे सेनापती खिंडीत एकमेकांशी लढायला आले ना, तेव्हा तिला घाटही लागला. मटकन खालीच बसली. मग वाळूवाल्यानं तिला आपली पखाल दिली. बर्फवाल्यानं तिच्या पायांत मोजे चढवले. आता पाणी पाजलेल्या माणसावर तलवार कशी उचलायची? मग ती म्हणाली, लढाई उद्या करू. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उद्या करू. तिसऱ्या दिवशीही तेच. तो उद्या अजून आलेलाच नाही, आई!"

अहाहा! तिसरा दगड असा वर आला की तेलाची वाटीच उलटली. सगळं गाव हसलं. राजा हळूच म्हणाला, "मलासुद्धा पालखी लागते." तर काय, दगड आणखी एक बोट वर! खरं होतं ना ते.

डोंगर कुरकुरत मागे सरले. खिंड पुन्हा दोन गाड्यांची झाली. पहिल्या गाडीत साळू, आणि दुसऱ्या गाडीत तिच्या सासूबाई, नारळांची रास घेऊन. भिवराबाईनं लेकीला पोटाशी धरलं आणि तिथंच लाडवांचा डबा उघडला. राजानंही दोन खाल्ले.

मग राजानं तिन्ही भाटांना तीन देशांत धाडलं. सांगायला नाही, विचारायला. साळूला मुलगी झाली. तिला ना गाडी लागली, ना बोट, ना घाट. पाळणा हलला की ती आपली गाढ झोपायची. तिथं सगळे सुखात राहिले, आणि खिंड आजही उघडी आहे.

आणि रघ्या, ठके, तुमची ती पांघरुणाची लढाई राहिली आहे ना? ती उद्या करू. मिटा डोळे.