मूठभर काळी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा माणसं पांढऱ्या मातीच्या टेकाडावर घरं बांधत आणि खालची काळी माती पिकाला सोडत. काळीत घर नाही, पांढरीत नांगर नाही, असा रिवाज होता. आणि शब्द द्यायचा तर एका मुठीत काळी, दुसऱ्या मुठीत पांढरी धरून द्यायचा. असा दिलेला शब्द कुणी फिरवत नसे.

अशाच एका राज्यात एक आत्याबाई राहायची. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे तिला धुराच्या वासावरून कळायचं. चूल थंड दिसली, की ती न बोलावता भाकरी घेऊन हजर! तिचं शेत काळीत, रानाच्या कडेला. जोंधळा असा, की आत शिरलेला बैल बाहेरून दिसू नये.

राजाची नगरी वाढली. टेकाड पुरेना. शेजारी आख्खा चढाचा माळ मोकळा होता, पण प्रधानाला सपाट जागा हवी होती. चढ चढून बड्या लोकांच्या पायात गोळे येत म्हणे!

प्रधान शेतकऱ्यांना म्हणाला, "तुमची काळी द्या. नदीपल्याड तेवढीच काळी देईन. रानाला तर हातही लावणार नाही."

"तोंडानं नको, प्रधानजी, मुठीनं बोला," आत्याबाई म्हणाली. तिनं आपल्याच शेतातली माती त्याच्या हातावर ठेवली. प्रधानानं दुसऱ्या मुठीत पांढरी धरून शपथ घेतली. शेतकऱ्यांनी विश्वास ठेवला.

बघता बघता काळीवर फरशा पडल्या, माड्या उठल्या. वाशांसाठी रानही तोडलं. बेघर झालेली माकडं कौलांवर येऊन बसली, तर त्यांनाच घुसखोर म्हणून दगड मारले. आता काय म्हणावं या निलाजरेपणाला!

नदीपल्याड बघावं, तर नुसता कातळ. आत्याबाई सगळ्यांना घेऊन प्रधानाच्या दारात धडकली.

"शब्द? मला नाही आठवत," प्रधान हसला. "पुन्हा देतो की! पण रिवाज म्हणजे रिवाज. आणा मूठभर काळी."

सगळे शोधत सुटले. जिकडे तिकडे दगड. आत्याबाईला आपला बांध कुठं, विहीर कुठं, काही उमजेना. ती प्रधानाच्या दारात परत आली. "जिनं तुला पोसलं तिला दगडाखाली गाडलंस, आणि वर तीच मागतोस?"

पण काळीचा स्वभाव प्रधान विसरला होता. ती पाणी पिते आणि फुगते. पावसाळा भरात आला. फरशांच्या सांध्यांतून पाणी झिरपलं, जमीन उचलली आणि माड्या वरपासून खालपर्यंत तडकल्या. पडझड बघायला राजा आला, तेव्हा प्रधानाच्या उंबऱ्याशी फरशी फोडून काळीभोर माती वर आली होती.

आत्याबाईनं ती मूठभर उचलली. "घ्या, प्रधानजी. आली बघा, माझ्यासारखीच न बोलावता. धरा मुठीत आणि बोला राजासमोर."

प्रधानाचा हात काही पुढं आला नाही.

राजानं त्याला हाकललं, फरशा उखडल्या. पण मातीत चुना आणि खडी कालवली गेली होती. आत्याबाईनं जोंधळा पेरून पाहिला. तो वीतभर वाढला आणि पिवळा पडला. पुढच्या वर्षी माडीवाले परक्या राज्याच्या वेशीवर धान्यासाठी पदर पसरून उभे होते.

तात्पर्य: घास पिकवणाऱ्या मातीवर घर बांधलं, की घासही जातो आणि घरही.