काळी रेघ

"...आणि नख हिरवं पडलं तर?" मुरगय्या स्वामींनी विचारलं.

"सतत ओल्या राहिलेल्या हाताचं ते, अप्पा. नख मांसापासून सुटतं, खाली पाणी मुरतं, त्यात जंतू. नख कापायचं, हात कोरडा ठेवायचा." चनबसू थांबला नाही. "पिवळं, जाड, भुगा पडणारं असेल तर बुरशी. नखाभोवती सुजून ठसठसतं ते नखुरडं. मिठाच्या कोमट पाण्यात बोट बुडवायचं. पू धरला की डॉक्टर."

"आणि काळं?"

"मार लागलेला. रक्त साकळतं."

"आणखी?"

"आणखी काही नाही, अप्पा."



गडहिंग्लजच्या पुढं एका खेड्यात हा मठ होता. दर सोमवारी तिथं औषध मिळे. स्वामींचा शिष्य म्हणून चनबसूची नऊ वर्षं तिथं गेली होती. स्वामींची नजर अधू झाल्यापासून सहा-सात महिने रोगी तोच बघायचा. लांबून बोट दिसलं की रोगाचं नाव सांगायचा. लोक तोंडात बोट घालायचे. त्याला ते आवडायचं.

एका सोमवारी गोदाक्का कुंभारीण आली. चनबसूनं तिच्याकडं न बघताच लेपाची वाटी पुढं सरकवली.

"ओल्या मातीतले हात, अप्पा. बुरशी आहे. हळद आणि कडुनिंब चालू आहे."

"किती दिवस?"

"सहा महिने झाले की, स्वामी," गोदाक्का म्हणाली.

स्वामींनी तिचा अंगठा हातात घेतला. उन्हात धरला. डोळ्यांजवळ नेला. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत एक काळी रेघ होती.

"कुठं ठेचला होता?"

"न्हाई."

"चेचला? दारात सापडला?"

"काय सुदिक न्हाई. आपसूक आली. आदी दोऱ्यागत हुती, आता रुंद झालीया. आन् हितं..." तिनं नखाच्या बुडाची कातडी दाखवली. तीही काळवंडली होती. "मी यांना सांगिटलं हुतं की ओ. दोनदा."

चनबसू म्हणाला, "रक्त साकळलं असेल. कामात मार लागलेला कळत नाही."

"आत्ता बुरशी म्हणालास."

"बुरशी... किंवा रक्त."

"सहा महिन्यांत बोटाचं अख्खं नख नवं येतं," स्वामी हळूच म्हणाले. "साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं, कापलं जातं. हे का गेलं नाही?"

चनबसूनं पहिल्यांदाच वाकून अंगठा बघितला.



तेव्हा स्वामी उठले. भिंतीचा आधार घेत खाली वाकले, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी गोदाक्काच्या पायांवर डोकं ठेवलं.

ओसरीवरच्या बाया ताडकन उभ्या राहिल्या. एकीच्या हातून काढ्याचा तांब्या पडला. गोदाक्का किंचाळली, "अवो, काय करताय स्वामी! मला पाप लावताय!"

"पाप आमचं आहे, अक्का. तू सांगत होतीस, आणि या मठात कुणी ऐकलं नाही."

मग चनबसूकडं न वळता म्हणाले, "हिला आजच मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं ने. लेप इथंच ठेव."

"पण अप्पा, झालंय काय तिला?"

स्वामींनी चाचपडत लेपाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी अंगठा बघितला आणि पेन खाली ठेवलं. नखाखालचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी दोघांना बोलावून घेतलं.

"कॅन्सर आहे. क्वचित होतो, पण नखातही होतो. अंगठ्याचं पेर काढावं लागेल."

 खुर्ची जवळच होती, तरी चनबसू जमिनीवर बसला. सहा महिने... आपल्याच हातानं वाटून दिलेला लेप... एकदा तर त्यानं तिला दटावलं होतं, 'अक्का, नीट लाव, म्हणजे जाईल.'

गोदाक्कानं मात्र एवढंच विचारलं, "बाई, चाकावर हात चालंल न्हवं?"

"शिकावं लागेल पुन्हा."

"शिकीन."

पेर गेलं. रोग पुढं पसरलेला नव्हता. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं ठरलं. 'आणखी उशीर झाला असता तर...' एवढं बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या. ते वाक्य पुरं करा म्हणायचं धाडस चनबसूला झालं नाही.

तिला घरी पोचवून तो मठात आला, तेव्हा स्वामी अंगणात तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होते. चनबसू पायरीवर बसला. 

"अप्पा..."

"बोल."

"मला दोन्ही डोळे धड आहेत. तुम्हाला तर नीट दिसतही नाही. तरी तुम्ही एका नजरेत तो रोग ओळखलात. कसा?"



"मी कुठं ओळखला, चनबसू? ठाऊक नव्हता, म्हणून तर बोट हातात घेऊन विचारत बसलो... ओळखला होतास तो तू."