टँकच्या खाली काय

"आणि खाली काय?"

भन्तेंनी हे दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला राग आला.

मी आमच्या वस्तीच्या विहारात, पूर्वेकडच्या भिंतीपाशी उभा होतो. हातात टेप होती. भिंतीवर खडूने दोन खुणा केल्या होत्या, इथून इथपर्यंत. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. मी माशांच्या टँकबद्दल बोलत होतो आणि म्हातारे भन्ते भिंतीकडे बघतच नव्हते. ते फरशीकडे बघत होते.

टँक माझ्या भावाच्या नावाने बसवायचा होता. सुबोधदादा. दिवाळीनंतर गेला. जेवता जेवता छातीवर हात ठेवला, आईला म्हणाला पाणी दे, आणि पाणी येईपर्यंत गेला.

दादा टँकच बनवायचा. भंडारा शहरात लोकांच्या दिवाणखान्यात, डॉक्टरांच्या दवाखान्यात जे मोठे टँक दिसतात, त्यातले कितीतरी त्याच्या हातचे. काच कापून आणायची, सिलिकॉनने जोडायची, सुकू द्यायची. खालचा लोखंडी स्टँड तोच वेल्ड करायचा. पण दुकान दुसऱ्याचं. नव्या मंगल कार्यालयाच्या दारात पाच फुटी टँक आहे. नवरा-नवरी त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. तो दादाने बनवला. त्याच्यावर नाव आहे दुकानाच्या मालकाचं.

मालक मौतीला आला नाही. त्याने नोकर पाठवला. नोकराच्या हातात दादाचा वेल्डिंगचा काळा चष्मा होता आणि जेवणाचा डबा. डबा धुतलेला नव्हता.

म्हणून आपला सहा फुटी. मालकाच्या टँकपेक्षा एक फूट मोठा. पुढच्या महिन्यात दादाचा वाढदिवस होता, त्या दिवशी विहारात बसवायचा. येणारा-जाणारा बघेल आणि नाव वाचेल. भन्तेंनी फक्त जागेला हो म्हणायचं होतं.

मी सगळं ठरवून आलो होतो. मोटरसायकल विकली होती. त्यातले बरेचसे पैसे काचेत गेले. बारा एमएम, नागपूरला सांगून ठेवली, कारण आमच्या इथे एवढी जाड मिळत नाही. मग मासे. छोटे नकोत, हाताएवढे पाहिजेत. मग लाइट, मागे निळा पडदा, पाण्यात बुडबुडे सोडणारी मशीन, आणि पुढे स्टीलच्या अक्षरांत दादाचं नाव. अक्षरं मी आधीच करून घेतली होती. खिशात होती. चालताना वाजत होती.

आणि जे उरेल त्यात स्टँड. भंगारातला लोखंडी अँगल घ्यायचा, वर प्लायवूड टाकायचं, समोर कापड लावायचं. कापडाच्या मागे कोण बघतंय?

"आणि खाली काय?"

"सांगितलं ना भन्ते. अँगल. वर प्लाय. समोर कापड. दिसणार नाही."

"दिसणार नाही..."

"हाव."

भन्ते पुन्हा फरशीकडे बघू लागले. बाहेर पंचफुलाबाई अंगण झाडत होत्या. त्यांचा खराटा थांबला. मला कळलं, त्या ऐकतायत.

मग माझं तोंड सुटलं. मी म्हणालो, जागा द्यायची नसेल तर सरळ सांगा. सगळेच तसे आहेत. समाचाराला आले, चहा प्यायले, आईला म्हणाले सगळं अनित्य आहे. ज्याला त्याला तेच सापडलं. दादाच्या वेल्डिंगवर ज्याच्या घराचा जिना उभा आहे, तोही अनित्य म्हणून गेला. जिना तर अनित्य नाही त्याचा. त्यावर अजून चढतो तो. आता तुम्हीही तेच म्हणाल. माणूस अनित्य, मग त्याचं नाव कशाला लावायचं.

"मी काही म्हटलं नाही," भन्ते म्हणाले. "खाली काय, ते विचारलं."

मी टेप गुंडाळली. ती मधेच अडकली. मी ती झटकली.

भन्तेंनी मला पाणी प्यायला सांगितलं. मी नको म्हणालो. मग त्यांनी दादाचं काम कसं चालायचं ते विचारलं. त्याला टँकची ऑर्डर आली की तो आधी काय करायचा?

मला सांगायचं नव्हतं. पण दादाबद्दल कोणी विचारलं की मला गप्प बसता येत नाही.

दादा आधी स्टँड करायचा. काच नंतर. लोक म्हणायचे, अरे आधी टँक तर दाखव, तर तो म्हणायचा, थांबा. स्टँड झाला की तो त्याच्यावर माणसं बसवायचा. पहिला मी. सातवीनंतर मी शाळा सोडली, तेव्हापासून मी त्याच्याच मागे असायचो. तो म्हणायचा, सुगत, चढ. वर बसलो की म्हणायचा, आता हल. मी हलायचो. मग तो आजूबाजूची दोन-तीन जाड माणसं हाक मारून आणायचा, त्यांनाही बसवायचा आणि सगळ्यांना चहा मागवायचा. स्वतः खाली उकिडवा बसायचा, स्टँडच्या पायांना कान लावून. चहा संपेपर्यंत लोखंड कुरकुरलं नाही, तरच काच वर चढायची. कुरकुरलं तर पुन्हा वेल्डिंग. मालक ओरडायचा, चहाचे पैसे कोण देणार. दादा स्वतः द्यायचा.

"मलाही बसवलं होतं," भन्ते म्हणाले.

मी वर बघितलं.

त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे विहाराचा पिण्याच्या पाण्याचा हंडा असतो, रुंद, सपाट लोखंडी स्टँडवर. लहानपणापासून मी त्यातलं पाणी पितोय. स्टँड कोणी केला ते मला माहीत नव्हतं.

"म्हणाला, भन्ते, माफ करा, पण जरा हला."

"आन् भन्ते हालले बी," पंचफुलाबाई दारातून म्हणाल्या. "म्या पाह्यलं. चीवर सावरून सावरून हालले."

भन्ते हसले नाहीत. पण नाही म्हणालेही नाहीत.

मला हसू आलं नाही. मला वाटलं, हे सगळं दादा असताना का नाही बोललात? तेव्हा त्याला सांगितलं असतं, तुझा स्टँड चांगला आहे, तर तो आठ दिवस तेच सांगत फिरला असता. आता मला सांगून काय उपयोग? मी हे मोठ्याने म्हणालो की मनात, आठवत नाही. मोठ्यानेच म्हणालो असेन.

भन्तेंनी कोपऱ्यातल्या हंड्याकडे बघितलं.

मग म्हणाले, "हंडा उचल."

"काऊन?"

"उचल."

मी गेलो. हंडा काठोकाठ भरलेला होता, पंचफुलाबाईंनी नुकताच भरला होता. मी तो रागाने उचलला, त्यामुळे तो हलका लागला.

"आता तिथे जाऊन उभा राहा. खुणांच्या मधे."

मी खुणांच्या मधे उभा राहिलो. हंडा छातीशी धरला. जिथे टँक बसणार होता, तिथे मी होतो.

भन्ते उठले. हळूहळू कोपऱ्यात गेले. चीवराचं टोक सावरलं आणि दादाच्या स्टँडवर बसले. नीट मांडी घालून. एकदा जरा हलले. लोखंड कुरकुरलं नाही.

मग डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, एवढंच ना. उभा राहतो. संध्याकाळपर्यंत उभा राहतो. मला काय दमवणार हा म्हातारा? दादाच्या हाताखाली मी टँक भरलेत, बादल्यांनी, दिवसभर.

पंचफुलाबाई आत आल्या. खराटा दाराशी ठेवला. मला खालून वर बघितलं.

"काय रे सुगत, मास्तरनं उभं केलं का तुले?"

त्या माझ्या पायाशी सांडलेलं पाणी पुसायला फडकं शोधू लागल्या. म्हणजे सांडत होतं. मला कळलं नव्हतं.

आधी मनगटं दुखू लागली. मग खांदे. मग पाठ, खाली कंबरेपर्यंत. मी हंडा थोडा वर घेतला, थोडा खाली घेतला. कसाही धरला तरी तो तेवढाच होता. पाणी आतल्या आत डुचमळायचं आणि मला एका बाजूला ओढायचं. मी दुसरीकडे झुकलो की तेही तिकडे यायचं.

दादाला उचललं तेव्हा मी पुढे होतो. डावा खांदा. तेव्हा काही जड लागलं नव्हतं. लोक म्हणत होते, पोरगा घट्ट आहे, रडला नाही. आई घरात पडून होती, मी तिला उठवून भात भरवला. पाहुण्यांच्या गाद्या घातल्या. मालकाच्या नोकराकडून डबा घेतला, मीच धुतला. सगळं मी केलं. काही जड लागलं नाही.

आणि आता एक हंडा मला पेलत नव्हता.

"भन्ते, जड आहे."

"हो."

"एकच हंडा आहे हा."

टँकमध्ये असे किती मावतात, ते मला माहीत होतं. भन्तेंनाही माहीत असावं.

खिशातली अक्षरं मांडीला टोचत होती. हात मोकळा नव्हता म्हणून ती सरकवता येत नव्हती. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तोही पुसता येत नव्हता. घामच होता. आधी घामच होता.

मी वाकलो. हंडा फरशीवर टेकवणार, एवढ्यात पंचफुलाबाई म्हणाल्या, "खाली नोको ठेवू बाबू. प्याचं पाणी हाय."

बरोबर होतं. पिण्याचं पाणी आमच्यात कोणी फरशीवर ठेवत नाही. आईने ठेवू दिलं नसतं. दादाने तर मुळीच नाही.

मी पुन्हा सरळ झालो. पोटातून काहीतरी आवाज निघाला, तो माझाच होता. स्टँडकडे बघितलं. स्टँडवर भन्ते बसले होते. खिडकीची कड अरुंद होती. बुद्धमूर्तीसमोरच्या चौरंगावर ठेवायचं धाडस नव्हतं. एवढी मोठी खोली, आणि एक हंडा ठेवायला जागा नव्हती.

दादा असता तर म्हणाला असता, थांब, हलू नको, मी येतो. आणि आला असता. कुठूनही आला असता.

अर्धं पाणी अंगावर सांडलं होतं, तरी हंडा हलका होत नव्हता. दिवाळीपासून जे आलं नव्हतं ते आता येत होतं, आणि मला हाताने तोंडही झाकता येत नव्हतं.

"भन्ते... हे कुठे ठेवू मी?"

भन्तेंनी डोळे उघडले. ते स्टँडवरून उठले नाहीत.

"तू आल्यापासून मी तेच विचारतोय, सुगत."