मापटंभर माश्या

फार फार वर्षांपूर्वी, माझ्या तोंडात सगळे दात होते त्याच्याही कितीतरी आधी, एका डोंगरावर भोपळ्यांचं गाव होतं. म्हणजे राहायची माणसंच. पण पुढचं ऐकून कोण भोपळा ते तुम्हीच ठरवा.

दसऱ्याला त्या गावचे भोपळे गाड्या भरून घाटाखाली जात, आणि त्याच गाड्या ज्वारी घेऊन परत येत. डोंगरावर दुसरं काही पिकत नसे. वेलाला भोपळा, म्हणून चुलीला विस्तव.

त्या गावाला एक खोड होती. पंख असलेलं, मुठीत मावणारं काहीही दिसलं की म्हणायचं, माशी! मध करते ती माशी, घाणीवर बसते ती माशी, चतुर तोही माशी, फुलपाखरूही माशीच. हसू नका. तुमच्याच अंगणात रोज येतात त्यांतल्या चार किड्यांची नावं सांगा बघू. झालात ना गप्प?

गावकुसाबाहेर ठकूबाई नावाची म्हातारी राहायची. मध काढून पोट भरायची. सातेरी मधमाशी कोणती, फुलोरी कोणती, आग्या कुठल्या कड्याला लटकतो, कुंभारीण कुठं मातीचं घर बांधते, सगळं तिला ठाऊक. तिच्या झोपडीच्या मातीच्या भिंतीत सातेरीचं मोहोळ होतं. त्या माश्या तिच्या अंगाखांद्यावर बसत, पण कधी चावत नसत.

एका वर्षी भोपळ्यात अळी पडली. वरून फळ कसं तुकतुकीत, आणि कापलं की आत नुसती वळवळ. निम्मा माल उकिरड्यावर गेला.

पाटलाने चावडीवर गाव जमवला. म्हणाला, "हे माशीचं काम आहे. दर बाजाराच्या दिवशी घरटी मापटंभर मेलेल्या माश्या इथं आणून ओतायच्या. ज्याचं मापटं रिकामं, त्याला विहीर बंद!"

ठकूबाई मागून उठली. "पाटील, कंची माशी?"

"कंची म्हणजे? माशी ती माशी."

"तसं नसतंय. अळीवाली इवलीशी असती, तांबूस-पिवळी. दिवसा पानाखाली दडती, फळाला टोचून आत अंडी घालती. किडकं फळ खड्ड्यात पुरा, वेलावर गूळपाण्याची गाडगी टांगा. बाकीच्यांना हात लावू नका."

"ए म्हातारे," पाटील म्हणाला, "आम्ही माश्यांचं बारसं करायला बसलो नाही!"

सगळी चावडी खदाखदा हसली. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हसला असता. मी तर पोट धरून हसलो असतो.

गाव कामाला लागला. पण ती अळीवाली पडली चपळ. हात उचलायच्या आत पसार. दिवसभर झडपा मारून मापट्याचा तळसुद्धा झाकेना. तेव्हा हैबती नावाच्या गड्याला युक्ती सुचली. भल्या सकाळी भोपळ्याचं फूल उमलतं, आणि मधमाशी त्यात डोकं खुपसून परागात लोळत असते. फुलाचं तोंड चिमटीत धरायचं आणि दाबायचं. उन्हं वर यायच्या आत हैबतीचं मापटं शिगोशीग भरलं.

पाटलाने त्याला फेटा बांधला. दुसऱ्या दिवसापासून सारा गाव फुलं चिमटीत धरू लागला. पुढं फुलं पुरेनात, तेव्हा डोंगरभर धूर करून कपारीतली मोहोळं जाळली.

ठकूबाईचं मापटं रिकामं. तिला विहीर बंद झाली. ती ओढ्याचं गढूळ पाणी प्यायली, पण भिंतीला हात लावला नाही.

मग एक दिवस हैबतीच जळती गोवरी घेऊन तिच्या दारात आला. मागं गाव.

"हैबती, लेका," म्हातारी म्हणाली, "तू जन्मलास तवा तुझ्या जिभेवर ठेवलेला मध ह्यांचाच व्हता रं."

हैबती थबकला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बघतोस काय? मापटं भर!"

त्याने गोवरी भिंतीच्या भोकाशी धरली. ठकूबाईने गाठोडं उचललं आणि मागं न बघता डोंगरापलीकडे निघून गेली.

पुढच्या वर्षी वेल मातले. फुलांनी डोंगर पिवळाधमक. कुठं गुणगुण नाही. पाटील वेलांतून मिशीला पीळ देत हिंडला.

मग फुलामागचा बोराएवढा भोपळा पिवळा पडून गळाला. दुसरा गळाला. सगळेच गळाले. या फुलातली धूळ त्या फुलात नेणारं कुणी उरलंच नव्हतं. आणि जिला मारायचं होतं ती अळीवाली? ती घाटाखाली नदीकाठच्या काकडीवर जाऊन मजेत राहिली.

गाड्या जागच्या हलल्या नाहीत. गावाने वेलांचा पाला उकडून खाल्ला, मग बियाणं भाजून खाल्लं. हैबतीच्या घरी लेक जन्मली, पण बाळंतिणीला दूध येईना. पोर बाराव्या दिवसापर्यंत टिकली नाही.

तेव्हा पाटील आणि हैबती डोंगर ओलांडून ठकूबाईकडे गेले. हैबतीने तिचे पाय धरले. "मावशे, चुकलो. तू सांगशील तसं करू. आम्हाला सगळ्यांची नावं शिकव."

ठकूबाईने आपल्या नव्या झोपडीच्या भिंतीकडे बोट केलं. माश्यांसाठी ठेवलेलं तिथलं भोकही रिकामंच होतं.

"शिकवते की," ती म्हणाली. "पण नाव असतंय हाक मारायला. आता हाक मारली, तर येनार कोन?"

दोघं तसेच परतले. वर्ष फिरायच्या आत गाव उठलं. कुणी कुठं गेलं, कुणी कुठं मेलं, ते सांगायलाही कुणी मागं राहिलं नाही.

तात्पर्य : वैरी आणि सोयरा ज्याला वेगळे ओळखता येत नाहीत, त्याच्या हातून आधी सोयराच मरतो, कारण तोच हाताशी असतो.