सगळ्यांच्या आधी उठणारी

“...मग रात्रीचं जेवण बंदच करून टाकू का, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद तालमीच्या दारातल्या कट्ट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दुपारची भाकरी अर्ध्यावर आणली. भात सोडला, गोड सोडलं. सकाळी पळते, सांजचंही पळते. आणि वजनाचा काटा बघा! वरच सरकतोय.”

“बरं.”

“बरं काय, वस्ताद? निवड तोंडावर आलीय.”

नुसतं ‘बरं’ ऐकून गप्प बसणाऱ्यांतली सानिका मगदूम नव्हती. वय सोळा, अंगानं काटक, बोलायला त्याहून काटक. कृष्णाकाठच्या त्या मुलींच्या तालमीत ती आठवीत असताना आली, तेव्हापासून वरच्या मजल्यावरच राहायची. आता तिला एकच गोष्ट हवी होती. जिल्ह्याच्या संघात तिच्या वजनगटाची एक जागा होती, आणि ती जागा तिला पाहिजे होती. वजन गटात बसलं नाही, तर वरच्या गटात उभं राहायचं. तिथे दंड भरलेल्या, दोन-दोन वर्षं जिल्हा गाजवलेल्या पोरी. म्हणजे बसनं जायचं, माती खायची आणि हात हलवत परत यायचं, असं तिचं सरळ गणित होतं.

वस्तादांनी सुपारीचं खांड उलटं केलं.

“भूक कवा लागती तुला?”

“दिवसा न्हाई लागत फारशी.”

“मग?”

“रात्री.”

“जेवताना?”

“न्हाई... जेवल्यावर. बऱ्याच उशिरानं.”

“झोपेत लागती व्हय गं?”

“झोपेत कशी लागंल? जागी असते तवा...”

अडकित्त्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

खाटेखाली आईनं पाठवलेला डबा होता. शेंगदाण्याचे लाडू आणि वर चिवडा. दिवसभर सानिका तोंडाला कुलूप लावून फिरायची. रात्री त्या कुलपाची किल्ली तिला कुठून सापडायची कोण जाणे.

“ते थोडंसंच असतं, वस्ताद.”

“काय थोडं असतं? म्या तर काय इचारलंच न्हाई.”

सानिकानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.

आता ती इतक्या उशिरापर्यंत जागी का असायची, तेही सांगायला हवं. त्या तालमीत एक रीत होती. पहाटे जी सगळ्यांच्या आधी खाली येईल तिनं फावडं घ्यायचं, आखाड्याच्या हौदातली माती उकरून मोकळी करायची आणि कोनाड्यातल्या मारुतीपुढं उदबत्ती लावायची. बाकीच्यांनी नंतर यायचं आणि तिनं उकरलेली माती कपाळाला लावायची. एवढा मान तिथे दुसऱ्या कशालाच नव्हता. वर्षभर ते फावडं सानिकाशिवाय कुणाच्या हाताला लागलं नव्हतं. एखादी लवकर उठली, तर सानिका तिच्याही आधी हौदात उभी असायची. शेवटी पोरींनी नाद सोडला आणि सुखानं झोपू लागल्या.

गावात बोलबाला झाला, मगदुमांची पोरगी झोपतच नाही म्हणे! हे कानावर आलं की सानिका दोन बोटं उंच व्हायची. झोप म्हणजे आळस आणि आळस म्हणजे चरबी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच पक्कं करून टाकलं होतं. पहाट हुकेल या धास्तीनं ती रात्री डोळा लागू द्यायची नाही. मोबाईलवर कुस्त्या बघायची, डाव थांबवून थांबवून बघायची, आणि डाव थांबला की हात डब्यात जायचा.

“फावडं आण,” वस्ताद म्हणाले.

सानिका पळतच गेली. वस्ताद आता मेहनत वाढवणार, दोनदा हौद उकरायला लावणार, असं तिला वाटलं. मनातून ती खूशच झाली.

वस्तादांनी फावडं हातात घेतलं आणि आत हाक मारली. “गिरिजा!”

गिरिजा आली. तालमीत झोपेच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आत्ताही गालावर उशीचा वळ होता. ताटात येईल ते ही पोरगी निवांत खायची, आणि तिचं वजन मात्र होतं तिथंच राहायचं. सानिकाला याचा फार राग यायचा.

“उद्यापासनं माती तू उकरायची,” वस्ताद गिरिजाला म्हणाले. मग सानिकाकडे वळले. “आणि तू सगळ्यांत शेवटी यायचंस. तुला हाक कुणी मारायची न्हाई.”

“किती वाजता येऊ?”

“जाग येईल तवा.”

भर मैदानात चितपट झाली असती तरी सानिकाला इतकं लागलं नसतं.

“माझं काय चुकलं, वस्ताद?”

“वजन उतरवायचंय न्हवं?”

“व्हय.”

“मग नीज.”

“झोपून कुणाचं वजन उतरलंय? झोपून माणूस फुगतो.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे झोपत्यात. म्हणून त्यास्नी म्हणायला ताकद हाय.”

वस्ताद पुन्हा सुपारीकडे वळले. बोलणं संपलं होतं.

दुसऱ्या पहाटे सानिका गिरिजाच्या आधीच खाली हजर. फावडं नाही तर नाही, पण पहिलं येणं कोण काढून घेणार? हौदाच्या काठावर ती रिकाम्या हातांनी उभी राहिली.

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात घोंगडं टाकलं.

“हितं बस. म्या सांगंस्तवर उठायचं न्हाई.”

सानिका शिक्षा समजून ताठ बसली. गिरिजा डोळे चोळत आली आणि माती उकरू लागली. एकीकडे खोल, एकीकडे वरवर. ते बघून सानिकाचे हात शिवशिवले. ही काय माती झाली? एक शब्द बोलावा म्हणून तिनं तोंड उघडलं, तर जांभई आली.

मग पोरी जमल्या. माती कपाळाला लावली. सानिकाची मान एकदा खाली गेली, सावरली, पुन्हा गेली, आणि मग तिनं ती सावरलीच नाही.

पहिली जोड हौदात उतरली. एकीनं शड्डू ठोकायला हात उचलला...

वस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

हात वरच्यावर थांबला. पोरीनं एकदा वस्तादांकडे आणि एकदा कोपऱ्यातल्या घोंगड्याकडे बघितलं, आणि हात हळूच मांडीवर टेकवला.

त्या दिवशी तालीम मुक्यानं चालली. ना शड्डू, ना ‘हाण’, ना ‘धर’. मातीवर अंग पडल्याचा धप आवाज यायचा, तेवढाच. पडणारीच्या घशात आलेली ओरड घशातच राहायची. एकदा दोघी एकमेकींवर अशा कोसळल्या की सगळ्यांना हसू फुटलं, तेव्हा पोरींनी टॉवेलचे बोळे तोंडात कोंबले. दूधवाला दारातून डोकावला. “आज तालीम बंद हाय व्हय?” वस्तादांनी त्यालाही हातानंच पुढं जायला खुणावलं.

पायांवर ऊन आलं तेव्हा सानिका जागी झाली. हौद रिकामा होता. पोरी आंघोळी करून केस वाळवत बसल्या होत्या.

ती ताडकन उठली.

“मला उठवलं का न्हाई?”

“तुला उठायचं हुतं का?”

“वस्ताद, आजची मेहनत बुडाली माझी!”

“बुडाली तर बुडाली. जा, जेव.”

रागारागानं ती ताटावर बसली. भाकरी, पिठलं, कांदा. रोज ती घास मोजून खायची, आज रागाच्या भरात मोजायचं विसरली. वाढणाऱ्या मावशींनी दुसरी भाकरी पुढं केली तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला. पोट भरलं होतं. जेवून उठताना पोट भरलेलं असण्याची तिची सवयच गेली होती. आपल्याला बरं नाही की काय, अशी तिला शंका आली.

पुढचे काही दिवस सोपे गेले नाहीत. अंथरुणावर पडून ती छताकडे बघत राहायची. एके दिवशी मोबाईल तिनं आपणहून गिरिजाच्या उशाखाली नेऊन ठेवला. तिथून तो परत काढणं कुणाच्याच हातचं नव्हतं, कारण गिरिजाला हलवणं म्हणजे उसाची मोळी हलवणं. मग झोप येऊ लागली. आधी जरा बिचकत आली, आणि एकदा ओळख पटल्यावर हक्कानं येऊ लागली. सानिका खरोखरच सगळ्यांत शेवटी खाली येऊ लागली. पहिल्यांदा पोरी हसल्या. नंतर हसायचंही विसरल्या.

खाटेखालचे लाडू खवट झाले, तेव्हा ते तिथे आहेत हे तिच्या लक्षात आलं.

काटा आधी थांबला. मग हळूहळू खाली येऊ लागला.

“पळण्यानं उतरलं, वस्ताद,” सानिका म्हणाली.

“आसंल की.”

आणखीही एक गोष्ट झाली. गिरिजा पट काढायला, म्हणजे पाय धरून ओढायला वाकायची, ते आता सानिकाला ती वाकायच्या आधीच दिसायचं. पूर्वी हे तिला पाठ टेकल्यावर कळायचं. याबद्दल मात्र ती वस्तादांशी काही बोलली नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, सानिका काट्यावर उभी राहिली. उतरली. पुन्हा उभी राहिली.

“काठावर हाय, वस्ताद.”

“बरं.”

“केसभर हिकडं-तिकडं झालं तर गटातनं बाहेर. रबरी सूट घालून पळून येऊ? घाम निघंल.”

“न्हाई.”

“रात्री जेवत न्हाई मग.”

“जेवायचं.”

“पाणी तरी सोडते.”

“पाणी प्यायचं.”

“मग करू काय?”

“नीज.”

सानिकाचे डोळे भरून आले. वर्षभर ज्या जागेसाठी झुरली, ती उद्या एका काट्यावर टांगलेली होती, आणि हा म्हातारा तिला अंथरूण दाखवत होता.

“आणि उद्या सकाळी जास्त भरलं तर?”

“वरच्या गटात लढायचं.”

“वरच्या गटात?” तिचा आवाज चिरकला. “तिथल्या पोरी बघितल्यात का तुम्ही? माझ्यापेक्षा भारी हायत, थोराड हायत. दोन-दोन वर्षं जिल्ह्याला खेळलेल्या...”

वस्तादांनी चपलांत पाय घातले आणि ते घराकडे निघाले. चार पावलं जाऊन थांबले.

“आसू देत की,” ते म्हणाले. “उद्या तू जागी असशील.”