गुण्या डोक्यापर्यंत गेला नाही

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. ताई पाचवीला भूमिती शिकवते. चाचणी होईपर्यंत ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं तिने मला बजावलं आहे, कारण चाचणीतला अवघड प्रश्न हिच्यातच आहे. पण तुम्ही काही पाचवीत नसाल, म्हणून सांगते.

एका पठारावर एक गाव होतं आणि त्यात फक्त त्रिकोण राहत. तिथे प्रत्येकाला दोन नावं असत. पहिलं बाजूंवरून, दुसरं कोनांवरून. ही नावं बारशाच्या दिवशी गावातली एक म्हातारी ठेवायची. सगळे तिला आत्याबाई म्हणत. तिच्याजवळ बाजू मोजायला एक दोरी होती आणि कोन तपासायला नेमका काटकोनात वाकवलेला लोखंडी गुण्या. तिन्ही बाजू सारख्या भरल्या तर समभुज, दोनच सारख्या असल्या तर समद्विभुज, एकही जुळली नाही तर विषमभुज. दोरीचं काम ती फार नीट करायची.

गुण्याचं मात्र वेगळं होतं. बाळ गडगडू नये म्हणून त्याला पाळण्यात सर्वांत लांब बाजूवर निजवत. आत्याबाई खालचे दोन कोपरे तपासायची. वरच्या कोपऱ्याला, म्हणजे बाळाच्या डोक्याला, लोखंड लावायचं नाही अशी रीत होती. लावलं तर दृष्ट लागते म्हणत. खालचे दोन्ही कोन गुण्यापेक्षा लहान निघत आणि आत्याबाई बाळाच्या कानात सांगायची, लघुकोन. असं करत अख्खं गाव लघुकोन झालं. कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

एका वर्षी गावाने धान्याचं कोठार बांधायला घेतलं. भिंत ओली असेपर्यंत तिच्या कोपऱ्यात एका त्रिकोणाने उभं राहायचं आणि त्याच्या कडेने गवंड्याने माती चढवायची, अशी तिथली पद्धत. पण जो उभा राहील त्याच्याकडे भिंत कलायची आणि सुकायच्या आत पडायची. दोनदा पडली. गवंडी म्हणाला की कोपऱ्याला काटकोन हवा, बाकी कुणाचं काम नाही. पाटील म्हणाले, लघुकोनांच्या गावात काटकोन मागणं म्हणजे बोडक्याकडे कंगवा मागणं. धान्य उघड्यावर होतं आणि आभाळ भरून येत होतं. ते भिजलं असतं तर वर्षभर चुली थंड राहिल्या असत्या.

त्या गावात एक मुलगी होती, विषमभुज लघुकोन नावाची. ती फारशी बोलायची नाही. लांब बाजूवर बसून तिला अवघडायला व्हायचं, म्हणून कुणी बघत नसलं की ती आखूड बाजूवर उभी राहायची. एका दुपारी ती अशीच गवंड्याच्या ओळंब्याजवळ उभी राहिली, तर ओळंब्याची दोरी तिच्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिकटून राहिली. कुठे फट नव्हती.

तिने गवंड्याला सांगितलं. तो म्हणाला की नाव काटकोन असल्याशिवाय मी कुणालाही कोपऱ्यात उभं करणार नाही, दोनदा फजिती झाली तेवढी पुरे. मग ती आत्याबाईकडे गेली.

आत्याबाईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या हातून नाव चुकलं म्हणतेस?"

"दोरी चुकली नाही, आत्याबाई. गुण्या वरपर्यंत गेलाच नाही."

 गावातलं प्रत्येक नाव आत्याबाईनेच ठेवलं होतं. हे एक खोटं ठरलं तर बाकीच्यांचं काय, हे तिला कळत होतं. गप्प बसली असती तर तिला कुणी विचारायला आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिने मुलीला बोलावलं आणि गुण्या तिच्या डोक्यावर ठेवला. बायका पुटपुटल्या. गुण्याच्या दोन्ही भुजा मुलीच्या दोन्ही बाजूंवर नेमक्या बसल्या.

"विषमभुज काटकोन," आत्याबाई म्हणाली. "नाव मी चुकवलं होतं."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "मग आमची नावंही खोटीच का?"

"असतील. या, पुढे या."

पहिले पाटील आले. त्यांच्या डोक्याचा कोन गुण्यात मावेना. ते विशालकोन निघाले. पाटीलच म्हणाले, "तरीच मला एकही टोपी बसत नाही." समभुज आजी तेवढी लघुकोनच राहिली. मला कुठल्याही बाजूवर बसवा, मी तीच, असं ती नंतर बरेच दिवस सांगत फिरली.

मुलगी कोपऱ्यात उभी राहिली. भिंत सरळ चढली आणि सुकली. पाऊस आला तेव्हा धान्य आत होतं. त्या गावात आता बारशाला आत्याबाई आधी बाळाच्या डोक्यालाच गुण्या लावते.

तात्पर्य: माप खोटं बोलत नाही, पण आपण नेऊ तिथवरच ते जातं. म्हणून कुणाला नाव देण्याआधी जो कोपरा बघायला आपण भितो तोच आधी बघावा, आणि दिलेलं नाव चुकलं असं कळलं तर ते चारचौघांत, आपल्याच तोंडाने... आले गं ताई. नाही, कुणाला काही सांगत नव्हते, मी फक्त